शाळेतल्या बाई

मराठीत ‘बाई’ एवढा एकच शब्द उच्चारला, तर शाळेत गेलेल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे आधी वर्ग येतो. खडूनं पांढरी झालेली बोटं, टेबलावर आपटलेलं डस्टर आणि मागच्या बाकावरून आलेलं ‘बाई, मी जाऊ?’ विजय तेंडुलकरांची लीला बेणारे ही अशी शाळेतली बाई. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात ती पहिल्यांदा उभी राहिली १९६७ साली, ‘रंगायन’च्या रंगमंचावर, सुलभा देशपांडे यांच्या रूपानं. आणि सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना ही गोष्ट बहुतेक वेळा अर्ध्या वाक्यात उरकली जाते. काही काळ शिक्षकी पेशा केला, मग रंगभूमीकडे वळल्या, असं ते वाक्य असतं. मला ते पटत नाही. त्या कुठून कुठे वळल्या नाहीत. शाळा त्यांच्याबरोबर रंगभूमीवर आली आणि काही वर्षांनी रंगभूमीच त्यांच्या शाळेत राहायला गेली.

त्यांच्या आयुष्यावरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा माझ्या भाचीचा एक प्रश्न सारखा आठवत होता. २०१२ साली आम्ही दोघी ‘इंग्लिश विंग्लिश’ बघायला गेलो होतो. चित्रपट सुटल्यावर रिक्षात बसताना ती म्हणाली, “मावशी, त्यातल्या सासूबाई किती खऱ्या वाटत होत्या ना? कोण आहेत त्या?” मी नाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी म्हटलं, “अगं, या बेणारे.” तेव्हा मात्र ती थबकली, कारण बेणारेचं स्वगत तिनं त्याच वर्षी कॉलेजात पाठ केलं होतं. आपण पाठ केलेले शब्द रंगमंचावर सर्वांत आधी ज्यांच्या तोंडून आले, त्या बाई आपण आत्ताच पडद्यावर बघून आलो, हे तिला खरं वाटेना. घरी पोहोचेपर्यंत ती मला विचारत होती आणि मी सांगत होते. ही प्रस्तावना म्हणजे बरीचशी तीच उत्तरं आहेत, जरा नीट लावलेली.

सुलभाताई माहेरच्या कामेरकर. जन्म १९३७चा, वाढल्या मुंबईत. शाळेत शिकवायला लागल्यावर त्या मुलांसाठी नाटकं लिहू लागल्या, बसवू लागल्या. शाळेतलं नाटक बसवणं ही काय चीज आहे हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तिथे नट निवडता येत नाही, जो वर्गात आहे तोच नट. एकाला आवाज नाही, दुसऱ्याला र म्हणता येत नाही, तिसरा ऐन प्रयोगाच्या दिवशी गोवरानं आजारी पडतो. पैसे नसतात, म्हणून राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा आणि शेला कुणाच्या तरी आईच्या साडीचा. आणि एवढं करून प्रेक्षक असे की कंटाळा आला की लगेच चुळबुळ करणार. सुलभाताईंचं पहिलं नाट्यशिक्षण या जागेवर झालं, असं मी मानते. कमी सामग्रीत नाटक उभं करायचं आणि समोरच्या मुलाचं लक्ष क्षणभरही सुटू द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतात.

विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींची ‘रंगायन’ १९६०मध्ये उभी राहिली. त्या संस्थेनं मराठी रंगभूमीसाठी काय केलं याची हकिगत पुष्कळांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे, मी ती इथे उगाळत नाही. सुलभाताई त्या वर्तुळात आल्या, अरविंद देशपांडे यांच्याशी त्यांचा संसार झाला, आणि अरविंदरावांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘शांतता!’मध्ये त्यांना बेणारे मिळाली. तेव्हा त्या तिशीत होत्या.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण बेणारे ही सुलभाताईंची सर्वांत गाजलेली भूमिका असली तरी तिच्याविषयी जे बोललं जातं ते फार एकेरी असतं.

नाटकाची सुरुवात आठवून बघा. मुंबईहून एक हौशी नाटकमंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली आहे. बाकीचे मागून येताहेत. बेणारे आणि गावातला साधाभोळा सामंत तेवढे सभागृहात आधी पोहोचतात. दार उघडताना बेणारेचं बोट कडीत सापडतं. कडी जुनी आहे, नीट सरकत नाही, आणि नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो. सामंत ओशाळतो, ती मात्र ते दुखणं हसण्यावारी नेते आणि भरभर बोलत सुटते. शाळेविषयी, मुलांविषयी, आपण वर्गावर कधी उशिरा जात नाही याविषयी. अभिमान आहे, खट्याळपणा आहे, समोरच्या परक्या माणसाशी एकदम सलगी आहे. तेंडुलकरांनी कडी अशी पहिल्याच प्रवेशात दाखवून ठेवली आहे. पुढे खेळ अंगाशी येतो, बेणारे निघून जायला दाराशी धावते, तेव्हा तीच कडी तिला बाहेर पडू देत नाही.

आता यातलं शिक्षिकेचं अंग बघा. बेणारेवरचा खोटा खटला हळूहळू खरा होत जातो, आणि तिच्याविरुद्धचा एक मोठा घाव म्हणजे तिची शाळेतली नोकरी जाणार असल्याची बातमी. अविवाहित बाई, पोटात मूल, आणि तिच्या हाती मुलं कशी सोपवायची, असा तो युक्तिवाद. १९६७च्या मुंबईत हे संवाद एका खऱ्याखुऱ्या शिक्षिकेसमोर उच्चारले जात होते. शाळेची नोकरी बाईला काय देते हे सुलभाताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. महिन्याचा पगार, चारचौघांत मान, आणि रोज सकाळी आपली वाट बघणारे तीसचाळीस चेहरे. ते सगळं एका फोनवर काढून घेतलं जाऊ शकतं ही भीती त्या काळातल्या प्रत्येक नोकरदार बाईच्या पोटात कुठेतरी असणारच. त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहताना सुलभाताईंना कल्पनेनं भरायची जागा इतर कुठल्याही नटीपेक्षा थोडी असणार, असं मला वाटतं.

आणि मग ते दहा सेकंद. न्यायाधीश झालेला काशीकर घड्याळ बघतो आणि आरोपीला आपली बाजू मांडायला दहा सेकंद देतो. बेणारे बोलत नाही. बाकीची पात्रं जागच्या जागी गोठतात आणि ती एकटी बोलू लागते. मामानं केलेली फसवणूक, प्राध्यापकाच्या बुद्धीवर जडलेली भक्ती आणि त्यानं फक्त शरीर घेतल्याचा चटका, जगण्याचा कंटाळा आणि जगण्याची ओढ, पोटातलं मूल. ते स्वगत संपतं तेव्हा कोर्टाच्या घड्याळात दहाच सेकंद गेलेले असतात, आणि काशीकर नोंद करतो की आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे आपण प्रेक्षकांनी जे ऐकलं ते त्या खोलीतल्या एकानंही ऐकलेलं नाही. हे स्वगत मूळ संहितेत नव्हतं, अरविंदरावांनी तेंडुलकरांच्या मागे लागून ते लिहवून घेतलं, अशी हकिगत नाट्यवर्तुळात आजही सांगितली जाते. पुढे अनेक भारतीय भाषांत हे नाटक गेलं आणि कितीतरी समर्थ अभिनेत्रींनी बेणारे केली.

मी स्वतः काही वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. दर वर्षी निदान तीन-चार मुली बेणारेचं स्वगत घेऊन यायच्या, आणि त्यांतल्या बहुतेकजणी पहिल्या वाक्यालाच रडायला लागायच्या. मला त्यांचा राग कधी आला नाही. ते शब्दच असे आहेत की वयाच्या विसाव्या वर्षी गळा दाटून यावा. पण प्रत्येक वेळी मला सांगावंसं वाटायचं, की मुली, हे स्वगत इथे सुरू होत नाही. ते सुरू होतं तासभर आधी, ती पिंजऱ्यात बसून एकेकाची साक्ष ऐकते तेव्हा. तिसऱ्या अंकाचा मोठा भाग बेणारेला जवळजवळ शब्दच नाहीत. पोंक्षे बोलतो, कर्णिक बोलतो, रोकडे बोलतो, काशीकरबाई बोलतात, सुखात्मे वकिली झाडतो, आणि ती ऐकते. त्या ऐकण्यात जर माणूस हळूहळू मोडताना दिसला नाही, तर पुढचं स्वगत नुसतं पाठांतर होऊन बसतं.

सुलभाताईंचं ऐकणं मला त्यांच्या अभिनयातलं मुख्य बळ वाटतं. सुदैवानं त्याचा एक पुरावा शिल्लक आहे. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली याच नाटकावर चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानींचं, अमोल पालेकर आणि अमरीश पुरी यांच्या पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक, आणि बेणारेच्या भूमिकेत अर्थात सुलभाताई. चित्रपट म्हणजे प्रयोग नव्हे हे मी जाणते. रंगमंचावरची बेणारे त्या त्या रात्री संपली. तरीसुद्धा मराठी रंगभूमीवरच्या कितीतरी थोर भूमिकांचा एक मळका फोटोसुद्धा आपल्याकडे उरलेला नाही हे लक्षात घेतलं, तर दुबेंचे आभार मानावेत तेवढे थोडे.

त्याच १९७१मध्ये ‘रंगायन’मधून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे यांच्या साथीनं ‘आविष्कार’ सुरू केली. पहिलं नाटक गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’, मराठी रूप तेंडुलकरांचं, तुघलकाच्या भूमिकेत अरुण सरनाईक. केवढं अवजड नाटक! नव्या संस्थेनं असं ओझं पहिल्याच दमात उचलावं यात धाडस होतं. पण ‘आविष्कार’चं नाव ज्यामुळे राहिलं ती गोष्ट तीन वर्षांनी घडली. १९७४च्या सुमाराला प्रायोगिक नाटकांसाठी छबिलदास शाळेचं सभागृह वापरात आलं. हीच ती सुलभाताईंची शाळा.

ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ‘छबिलदास’ म्हटलं की दोन गोष्टी एकदम आठवतात, वरचं नाटक आणि खालच्या गल्लीतला बटाटेवडा. दादर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत गल्लीत शिरायचं, तेलाच्या वासानं पोटात भूक उठायची, आणि शाळेच्या जिन्याशी ओळखीचे चेहरे दिसायला लागायचे. पडदा नाही, विंगा नाहीत, मखमली खुर्च्या तर नाहीतच. नटाच्या कपाळावरचा घाम पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसायचा. मध्येच गाडीची शिट्टी यायची आणि नट ती संवादात सामावून घ्यायचे. परवडणाऱ्या भाड्यात हे सभागृह मिळायचं, आणि ‘आविष्कार’नं ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. दुसऱ्या संस्था, नवे लेखक, आज ज्यांची नावं आदरानं घेतली जातात असे कितीतरी दिग्दर्शक इथे चुकत माकत शिकले. तेंडुलकरांचं ‘पाहिजे जातीचे’ अरविंदरावांनी बसवलं, त्यात नाना पाटेकर नावाचा एक तरुण होता.

या चळवळीचा इतिहास सांगताना अरविंद देशपांडे, काकडेकाका, तेंडुलकर, दुबे ही नावं येतात आणि आलीच पाहिजेत. सुलभाताईंचं नाव मात्र पुष्कळदा शेवटी, ‘यांच्या पत्नी’ म्हणून येतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर वर्गाचं नाट्यगृह होणं, हे ज्या बाईच्या दोन्ही जगांना जोडणारं काम, तिचा वाटा यात घरच्या माणसाइतका धरला गेला. घरच्या माणसाचे कष्ट मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. या पुस्तकातली ‘छबिलदास’विषयीची पानं वाचताना वाचकानं तेवढं मनात ठेवावं.

‘आविष्कार’ची बालविभागाची शाखा म्हणजे ‘चंद्रशाला’, आणि ती पूर्णपणे सुलभाताईंची. मुलांचं नाटक हा मोठ्यांच्या नाटकाचा धाकटा भाऊ, सुट्टीत गल्ला भरायला बरा, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही फार बदललेली नाही. मोठ्या माणसानं लांब दाढी लावून राक्षस व्हायचं आणि मुलांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. सुलभाताईंनी मुलांनाच रंगमंचावर आणलं, तालमीला बसवलं, आणि मोठ्यांच्या नाटकाला जी शिस्त लागते तीच त्यांना लावली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य त्या कामाचं सर्वांत ठळक उदाहरण. एका हट्टी मुलीची गोष्ट, गाणी, नाच आणि रंगमंचभर मुलंच मुलं. वर्षानुवर्षं त्याचे प्रयोग होत राहिले, एका पिढीतली मुलं मोठी होऊन गेली की दुसरी पिढी त्याच भूमिकांत शिरायची. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’वरून त्यांनी १९७८मध्ये ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा हिंदी बालचित्रपटही दिग्दर्शित केला.

मुलांबरोबर नाटक करताना दिग्दर्शकाची खरी कसोटी लागते ती मागच्या रांगेत. पुढे गाणारी, नाचणारी दुर्गा सगळ्यांना दिसते. पण पंचवीस मुलांच्या घोळक्यात जो सहावा मुलगा आहे, ज्याला एकही वाक्य नाही, त्याला आपण इथे का उभे आहोत हे माहीत असायला हवं. ते त्याला सांगावं लागतं, एकदा नव्हे, रोज. चाळीस मुलांच्या वर्गावर उभं राहणाऱ्या बाईंना ही गोष्ट उपजत कळते. वर्गात हुशार मुलाकडे बघायला श्रम पडत नाहीत.

१९८७च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना अभिनयासाठी मिळाला. या दोन गोष्टी एका वर्षात कशा पेलल्या असतील, हे मला शब्दांत मांडता येत नाही. ‘आविष्कार’ थांबली नाही एवढं खरं. पुढे छबिलदासची जागा सुटली, संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच!

आता पडद्याविषयी. नाटकवाल्यांच्या बोलण्यात चित्रपट आणि मालिका यांचा उल्लेख पोटापाण्याची सोय म्हणून होतो, आणि त्यात तथ्य आहे. प्रायोगिक नाटकावर कुणाचं घर चाललेलं मी पाहिलं नाही. पण सुलभाताईंचं पडद्यावरचं काम तेवढ्यावर सोडून देणं अन्यायाचं होईल. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त (१९७७) त्या स्मिता पाटीलच्या उषाची आई आहेत. मुलीच्या भल्याच्या काळजीनंच मुलीवर कठोर होणारी, स्वतःच्या आयुष्यात जे सोसलं ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून धडपडणारी बाई. ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ आणि ‘गमन’ हे पुढच्याच वर्षीचे. समांतर चित्रपटाच्या त्या बहराच्या दिवसांत मराठी रंगभूमीनं हिंदीला जे नट दिले त्यांत सुलभाताई पहिल्या फळीतल्या.

मराठी प्रेक्षकांच्या मनात मात्र घर करून बसली आहे ती ‘चौकट राजा’मधली (१९९१) आई. दिलीप प्रभावळकरांचा नंदू शरीरानं वाढला आहे आणि मनानं लहानच राहिला आहे. अशा मुलाच्या आईची भूमिका म्हणजे रडारडीला उघडं निमंत्रण. सुलभाताई त्या चित्रपटात फार थोड्या रडतात. त्या काम करत असतात. नंदूकडे बघता बघता हातातलं काम चालू ठेवतात, त्याला रागावतात, त्याचं तोंड पुसतात, आणि मी गेल्यावर याचं कसं होणार हा प्रश्न त्यांच्या तोंडी यायच्या कितीतरी आधी त्यांच्या पाठीच्या वाकण्यात दिसायला लागतो. हा चित्रपट मी माझ्या आईबरोबर पाहिला होता. शेजारच्या इमारतीत तसा एक मुलगा होता. दुसऱ्या दिवशी आई त्याच्या आईकडे गेली, डब्यात काहीतरी घेऊन, आणि दुपारभर तिथेच बसली. त्याआधी ती कधी गेली नव्हती.

मालिकांचं जग सुलभाताईंच्या वाट्याला उतारवयात मोठ्या प्रमाणावर आलं. ‘एक पॅकेट उमीद’, ‘जी ले जरा’ यांसारख्या हिंदी मालिकांतून त्या घरोघर पोहोचल्या, आणि आजी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मालिकेतल्या आजीचं काम वरवर सोपं दिसतं. सोफ्यावर बसायचं, मधूनमधून शहाणपणाचं वाक्य बोलायचं. प्रत्यक्षात दिवसाचे बारा-बारा तास सेटवर जातात, संवादाचे कागद ऐन वेळी हातात पडतात, आणि बहुतेक दृश्यांत बोलतात दुसरे, आजी फक्त तिथे असते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो तो दुसऱ्याच्या बोलण्यावर तिचं काय होतंय हे टिपायला. म्हणजे पुन्हा ऐकणं. चाळीसेक वर्षांपूर्वी पिंजऱ्यात बसून ज्यांनी संबंध अंक ऐकण्यावर तोलला, त्यांच्याकडे या कामासाठी केवढी पुंजी होती! ‘इंग्लिश विंग्लिश’च्या सासूबाईंतही तेच आहे. श्रीदेवीची शशी घरात एकटी पडते तेव्हा तिचं एकटेपण त्या घरात ज्या एका व्यक्तीला कळतं, ती या सासूबाई. त्यांना मोठे संवाद नाहीत. सुनेकडे त्या ज्या नजरेनं बघतात त्यातून प्रेक्षकाला कळतं, की यांनी सगळं बघितलंय. माझ्या भाचीला ‘खऱ्या’ वाटल्या त्या यामुळे.

एका गोष्टीशी मी अजून झगडते आहे. बेणारे पोटातल्या मुलासाठी जगू बघते, आणि कोर्ट ते मूल नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतं. त्या भूमिकेनंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षं सुलभाताई पडद्यावर आई होत राहिल्या, सासू होत राहिल्या, आजी होत राहिल्या, आणि पडद्याबाहेर ‘चंद्रशाला’त दुसऱ्यांच्या मुलांना वाढवत राहिल्या. यातून काही अर्थ काढावा असा मोह होतो. मी तो काढत नाही, कारण नटाच्या भूमिका त्याच्या हातात नसतात, त्या चालून येतात. पण एवढ्या साऱ्या आया बघताना मला पिंजऱ्यातली ती बाई आठवत राहते, याला माझा इलाज नाही.

४ जून २०१६ रोजी मुंबईत सुलभाताई गेल्या. वय ७९.

पुस्तकातली प्रकरणं क्रमानं वाचलीच पाहिजेत असं नाही. नाटकाची आवड असलेल्यानं ‘रंगायन’पासून सुरुवात करावी, मुलांना शिकवणाऱ्यानं ‘चंद्रशाला’पासून. माझ्या भाचीनं कुठून सुरुवात केली ते सांगते. तिनं आधी दुबेंचा चित्रपट मिळवला आणि लॅपटॉपवर लावला. मी स्वयंपाकघरात होते. स्वगताची वेळ झाली असेल असं वाटून बाहेर आले, तर ती अजून सुरुवातीशीच होती. मागे जाऊन जाऊन तेच बघत होती. “मावशी, इथे बघ ना,” म्हणाली, “अजून काहीच झालेलं नाहीये, आणि तरी या किती भरभर बोलताहेत.” मी ओले हात पदराला पुसले आणि तिच्या शेजारी बसले.